पुणे ते गुहागर सायकलने: तीन नकाशे, तीन चढ, खरा कुठला?

डबलसीट | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा भाचा (वय १९, पाय त्याचे, अक्कल माझी, असा करार आहे) कोथरूडहून गुहागरला सायकलने जायचं म्हणतोय. गुहागर माझं आजोळ. आजवर तिथे एसटीने गेले, गाडीने गेले, एकदा तर टेम्पोत मामाच्या फ्रिजशेजारी बसून गेले. सायकलने पहिल्यांदाच. माझं वय ४६, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सायकल साधी हायब्रीड, कॅरिअरला दोन्हीकडे पिशव्या. रोज कोथरूड ते स्वारगेट, रविवारी खडकवासला, महिन्यातून एकदा जुना कात्रज घाट. सिंहगडाच्या पायथ्याला भजी खाऊन परत येते, वर जात नाही. एवढीच माझी पात्रता.

मार्ग असा ठरवलाय: ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ, पुन्हा फेरीबोटीने धोपावे आणि गुहागर.

हाच मार्ग सायकलचा रस्ता आखून देणाऱ्या तीन नकाशांत टाकला. प्रत्येकात श्रीवर्धन, केळशी आणि दापोली एवढीच मधली गावं दिली, बाकी त्याचं त्याला जोडू दिलं.

पहिला म्हणतो २८९ किलोमीटर, चढ ३,०५० मीटर.
दुसरा म्हणतो २९४ किलोमीटर, चढ ४,२०० मीटर.
तिसरा म्हणतो ३९२ किलोमीटर, चढ ५,३०० मीटर.

एकाच रक्ताचं हिमोग्लोबिन तीन मशीनवर ९, १२ आणि १६ आलं तर मी तो रिपोर्ट पेशंटच्या हातात देणार नाही. इथे मात्र कुठल्या मशीनला खोटं म्हणायचं तेच कळत नाहीये. ३,०५० असेल तर तीन दिवसांत होईल. ५,३०० असेल तर भाचा एकटा जाईल आणि मी एसटीने.

आंधळा विश्वास ठेवायची हिंमत नाही, कारण गेल्या वर्षी पानशेतच्या मागच्या अंगाला एका ॲपच्या सांगण्यावरून गेलो होतो. डांबरी रस्ता, मस्त उतार, भाचा शिट्टी वाजवत पुढे. उतार संपला तिथे रस्ता सरळ धरणाच्या पाण्यात शिरलेला. काठावरून पाहिलं तर कडेचे रचलेले दगड पाण्याखालीही पुढे जाताना दिसत होते. एक आजोबा म्हशींना पाणी पाजत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाले, "मे महिन्यात या." तो सगळा उतार परत चढून आलो.

तर, एवढा फरक येतो कशाने? आणि ऐकायचं कुणाचं?


बीआरएमवाला | शनिवार, रात्री ११:३२

चढाचा आकडा बघूच नका, पाय बघून घेतील. स्ट्राव्हा ॲपचा हीटमॅप उघडा. लोक जिथून खरंच सायकल नेतात तिथे जाड रेघ दिसते. तुमच्या मार्गावर जाड रेघ असेल तर बिनधास्त जा. मी पुणे–हरिहरेश्वर एका दिवसात केलंय, तुम्हाला तीन दिवसांत गुहागर आरामात. ताम्हिणी फक्त शनिवार-रविवारी टाळा, गाड्यांचा खच असतो.


मोजणीदार | रविवार, सकाळी ६:४०

बीआरएमवाले, तुमचे पाय बघून घेतील हो, ताईंच्या पिशव्या कोण बघणार? हीटमॅपवरची जाड रेघ तुमच्यासारख्या रिकाम्या सायकलवाल्यांची असते. वाट आहे एवढं ती सांगते. ती ताईंना झेपेल का, हे तिला ठाऊक नसतं. पण एक उपयोग मान्य: एखाद्या रस्त्यावर रेघ अजिबातच नसेल तर थांबून विचार करावा. पानशेतच्या त्या रस्त्यावर नसणार.

डबलसीटताई, मी भूमि अभिलेखात ३१ वर्षं मोजणीला होतो. आता निवृत्त, वय ६३, मुक्काम कराड, स्टीलची जुनी सायकल. सुरुवातीला शंकूसाखळी ओढली, प्लेन टेबल लावलं, शेवटी शेवटी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) मशीन आलं. उपकरणं बदलली, बांधावर उभ्या माणसाची तक्रार तीच राहिली: "साहेब, मागच्या मोजणीत एवढं नव्हतं." तुमची तक्रार त्याच जातीची आहे, म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलो.

तिसऱ्याचं आधी उरकतो. त्याचं अंतर इतरांपेक्षा शंभर किलोमीटरने जास्त आहे ना? तो बोटीत बसत नाहीये. सावित्री ओलांडायला तुम्हाला आंबेत–म्हाप्रळच्या पुलावर नेतोय आणि दाभोळची खाडी टाळायला दापोलीहून खेड, चिपळूण असा वळसा घालून गुहागरात आणतोय. रेघ मोठी करून बघा, मी म्हणतो तेच दिसेल. कुठेतरी 'फेरी टाळा' अशी खूण चालू असेल, ती काढा. नसेल तर बागमांडला, वेश्वी, दाभोळ, धोपावे हे चारही बिंदू हाताने ठेवा. खाडीवर तुटक रेघ आली की समजायचं, बसला बोटीत.

आता पहिला आणि दुसरा. अंतर जवळपास सारखं, म्हणजे रस्ता एकच. तरी चढात साडेअकराशे मीटरचं अंतर. कारण तुमचा रस्ता चढून कुणी मोजलेलाच नाही. २००० सालच्या फेब्रुवारीत नासाचं एन्डेव्हर अवकाशयान अकरा दिवस वर फिरलं आणि रडारने खालच्या जमिनीची उंची टिपत गेलं. सायकलींच्या पुष्कळशा नकाशांच्या पोटात तीच माहिती असते, नाहीतर तिच्यासारखीच नंतरची. आपल्या भागाची आधी ९० मीटरच्या चौकोनात मिळायची, २०१४ नंतर ३० मीटरच्या चौकोनात खुली झाली.

माझ्या हिशेबात सांगतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद. ३० मीटरच्या चौकोनात जवळजवळ नऊ गुंठे बसतात. नऊ गुंठ्यांना मिळून उंची एकच. ९० मीटरचा चौकोन असेल तर दोन एकरांना एक.

सोलापूरकडे दोन एकरांना एक उंची दिली तरी कुणाचं काही बिघडत नाही. घाटात बिघडतं. रस्ता जेमतेम सात-आठ मीटरचा, डोक्यावर कडा, पायाखाली दरी. त्या नऊ गुंठ्यांत कड्याचा थोडा भाग येतो, रस्ता येतो, दरीतली झाडीही येते. त्यात झाडीवर रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, शेंड्यांजवळूनच परततं. शिवाय नकाशावरची रस्त्याची रेघ कुणीतरी उपग्रहाच्या फोटोवर बोटाने ओढलेली असते. ती दहा मीटर इकडे-तिकडे असणं काही विशेष नाही, आणि ४५ अंशांच्या उतारावर दहा मीटर बाजूला सरकलं की उंची दहा मीटरने बदलते. म्हणजे तुम्ही एका दमात घाट चढत असता आणि यंत्राला वाटतं ताई कड्यावर चढल्या, दरीत उतरल्या, पुन्हा कड्यावर चढल्या. प्रत्येक चढ ते इमानदारीने बेरजेत घालतं. बोगद्याची तर गंमतच आहे. नव्या कात्रज बोगद्यातून रेघ ओढून बघा, काही साधनं तुम्हाला अख्खा डोंगर चढवून पलीकडे उतरवतात.

हे खोटे चढ कमी करायला प्रत्येक जण आपापल्या परीने ती उंचीची रेघ घासतो. कमी घासली तर आकडा फुगतो. जास्त घासली तर खोट्याबरोबर छोटे खरे चढही उडतात. तुमच्या दुसऱ्याने कमी घासली असावी आणि पहिल्याने जास्त, असा माझा अंदाज. पण अंदाजावर कशाला थांबायचं? लॅबमध्ये रोज सकाळी मशीनला कंट्रोल लावता ना? ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे ते द्यायचं आणि मशीन काय म्हणतं ते बघायचं. तुमचा कंट्रोल आहे जुना कात्रज. भिलारेवाडीपासून जुन्या बोगद्याच्या तोंडापर्यंत रेघ ओढा. मध्ये सांगण्यासारखा उतार नाही. म्हणजे वरची उंची वजा खालची उंची, एवढाच चढ असायला हवा. त्याच्या वर जे दाखवेल तो त्या साधनाचा स्वभाव. तो स्वभाव गुहागरच्या आकड्यातून वजा करायचा. शिवाय कात्रज तुमच्या पायांना माहीत आहे, म्हणून पुढचे सगळे चढ कात्रजच्या मापात मोजता येतील. दापोली म्हणजे किती कात्रज, असं.

उंची मुळातून ताडायची हौस असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे ऑनलाइन मिळतात. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटरला. रस्ता किती रेषा ओलांडतो ते पेन्सिलीने मोजायचं. मी मोजतो, बायको हसते.

दुसरी गोष्ट, चढापेक्षा महत्त्वाची. साधनाला तुम्ही कुठलं वाहन सांगितलंय? गूगलवर २०१७ पासून भारतात दुचाकीचा पर्याय आहे, पण ती दुचाकी पेट्रोलवर चालते. तिला आठ टक्क्यांचा चढ काय आणि बारा टक्क्यांचा काय. चालण्याचा पर्याय तर सह्याद्रीत चुकूनही लावू नका. मी निवृत्त झाल्यावर हे सगळं शिकत होतो, तेव्हा एकात जुन्नर ते मुरबाड टाकलं आणि माउंटन बाइक निवडलं. माळशेज सोडून त्याने मला नाणेघाटातून खाली काढलं! जुन्नरला माझी नोकरी झालेली, नाणेघाट पायी कितीदा उतरलोय. वर तो जकातीचा दगडी रांजण, लेण्यातला सातवाहनांचा लेख, खाली दगडांची पायवाट. सायकल खांद्यावर घ्यायची आणि आपण बसून उतरायचं, एवढाच मार्ग. चूक साधनाची म्हणता येत नाही. ट्रेकर मंडळींनी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर, घाटवाटा आस्थेने चढवल्यात, तिथे ती 'पायवाट' अशीच नोंदलेली आहे. माउंटन बाइकला पायवाट चालते असं त्याला शिकवलंय आणि आपल्या 'घाट' शब्दात गाडीरस्ता आणि माकडवाट दोन्ही बसतात.

मी स्वतः मार्ग आखायला ब्राउटर वापरतो, वेबवर फुकट आहे. त्यात 'ट्रेकिंग' नावाचा प्रकार निवडा. नाव ट्रेकिंग असलं तरी तो सामान घेतलेल्या सायकलचाच आहे. चढ टाळायला बघतो आणि बोटीतही बसतो. मग पूर्ण रेघ उपग्रहाच्या फोटोवर ठेवून बोट सरकवत नेतो. कोकणात रंग बघायचा: काळा तो डांबरी, पांढुरका तो काँक्रीट, लाल दिसला की जांभ्याची माती. पण फोटो उन्हाळ्यातला आहे का, ते बघा. तुमच्या पानशेतच्या रस्त्याचा फोटो मे महिन्यातलाच असणार, धरण तळाला गेलेलं. जिथे निळं पाणी जवळ आहे तिथे दोन वेगवेगळ्या तारखांचे फोटो बघितल्याशिवाय मी रस्ता खरा धरत नाही. २०२२ पासून गूगलचा स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यावरून काढलेले फोटो) पुन्हा आलाय, मोठ्या रस्त्यांना तोही बघता येतो.

ताम्हिणीत रेंज जाते. नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा, ओएसएमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स, जे जमेल ते. आणि माझ्यासारखी एक चिठ्ठी करून हँडलला चिकटवा: गाव, तिथवरचे किलोमीटर, पुढे चढ की उतार. मोबाइल पिशवीत राहतो आणि घामेजल्या बोटांनी स्क्रीन पुसत बसावं लागत नाही.


एसटीचाटप | रविवार, सकाळी ९:०५

आमच्या वेळी सायकल एसटीच्या टपावर टाकून द्यायची, चढ ड्रायव्हरचा.

बाकी वाट माणसांनाच विचारावी. बोरघाटात इंग्रजांना वाट शिंग्रोबा धनगराने दाखवली म्हणतात, आणि मग त्यांनी त्याचं काय केलं तेही सांगतात. देऊळ आहे अजून घाटात. तेव्हा विचारा, पण विचारल्यावर निदान चहा पाजा.


खालचीपाखाडी | रविवार, दुपारी १:२०

मी दापोलीचा. मोजणीदारकाकांनी घाटाचं सांगितलं, आता आमच्याकडचं ऐका.

तुम्ही ताम्हिणीला घाबरताय, पण तो तुम्हाला उतरायचा आहे. ब्रेकचे रबर नवे टाका, विळ्याच्या बाजूला उतरताना वळणं आवळत जातात. माणगाव सोडल्यावर म्हसळ्याच्या आधी घोणसे घाट आहे, तो लहान आहे पण दुपारच्या उन्हात भारी पडतो. खरी मजा वेश्वीच्या पुढे. आमच्याकडे गाव खाली खाडीला, सडा (कातळाचं पठार) वर. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे सड्यावर चढायचं आणि परत खाली यायचं. नकाशात रस्ता समुद्राच्या निळ्या कडेने जाताना दिसतो, म्हणून पुण्याची मंडळी 'कोस्टल आहे, सपाट असेल' म्हणत येतात आणि तिसऱ्या गावाला सायकल हातात धरून चालत असतात.

हर्णैपासून दोन मार्ग. एक वरून, दापोलीमार्गे. दापोली साधारण २४० मीटरवर आहे (आमचे म्हातारे आठशे फूट म्हणतात). समुद्रापासून तिथवर चढ लांब आहे पण बेताचा, एक गियर लावायचा आणि गप्पा मारत यायचं. मग दाभोळपर्यंत एकूण उतारच, मध्ये चढउतार आहेत. दुसरा खालून: मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. दिसायला फार सुंदर. पण प्रत्येक दोन गावांमध्ये एक टेकाड आणि ते असं उभं, की पिशव्या असल्या तर पुढचं चाक हलकं वाटतं. एकूण चढ बघाल तर दोन्हींत फार फरक दाखवणार नाही. पाय मात्र वेगळं सांगतात. पिशव्या आहेत तर वरून या. दापोलीत चहाला हाक मारा.

दाभोळ आणि बागमांडला, दोन्ही ठिकाणी शेवटची बोट चुकवू नका, निघायच्या दिवशी तिथे फोन करून वेळ विचारा. आणि बोटीतून उतरल्या उतरल्या दोन्हीकडे चढ आहे. गाड्यांना आधी जाऊ द्या, निवांत पाणी प्या, मग चढा.


बीआरएमवाला | रविवार, दुपारी २:०२

खालच्या रस्त्याने मी गेलोय. इतका काही वाईट नाही.


खालचीपाखाडी | रविवार, दुपारी २:०४

तुम्ही बुरोंडीला माझ्या चुलतभावाच्या दुकानासमोर पाऊण तास झोपला होता. निळी जर्सी.


डबलसीट | मंगळवार, रात्री १०:४५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर उशिरा देतेय, कारण कंट्रोल लावत बसले होते.

तिसऱ्याचं काकांनी बरोबर ओळखलं. 'फेरी टाळा' चालू होतं, भाच्याने कधीतरी मांडव्याची लाँच चुकल्यावर रागाने लावलेलं. काढलं तर ३९२ चे २९१ झाले.

जुना कात्रज तिन्हीत टाकला. खालची आणि वरची उंची वजा करून १९५ मीटर येतात. पहिला चढ दाखवतो २०१, म्हणजे जवळपास बरोबर. दुसरा दाखवतो २६०, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने जास्त. त्या हिशेबाने दुसऱ्याचे ४,२०० कमी केले तर ३,१५० येतात, पहिल्याच्या ३,०५० च्या जवळ! लॅबमध्ये असं जुळलं असतं तर मी चहा सांगितला असता. तिसरा कात्रजला २२६ म्हणतो, त्याला आता फार विचारत नाही.

म्हणजे ३,१०० धरून चालू का, काका? आणि कात्रजच्या मापात ते सोळा कात्रज होतात. तीन दिवसांत सोळा कात्रज हे वाचून भाचा गप्प झालाय.


मोजणीदार | बुधवार, सकाळी ६:१५

शाबास. पण थोडे वाढवून धरा. कात्रज हा एक मोठा सलग चढ आहे, त्यावर जास्त घासणारं साधन बरोबर उत्तर देतं. कोकणातले आठ-दहा मीटरचे चढ, सांकवाला उतरायचं आणि वर यायचं, ते पहिल्याने घासण्यात खाल्ले असणार. खालचीपाखाडी म्हणतात ते सडे मोठे आहेत, ते धरले जातील; मधले बारके नाही. मी ३,४०० धरीन. दुसरा कंट्रोल लावायचा तर असाच खाली-वर जाणारा एखादा रस्ता घ्या, जिथे तुम्ही स्वतः जाऊन आलात.

आणि तीन दिवसांचे चार करा. माणगाव, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर. पहिला दिवस लांब पण शेवटी उताराचा, तिसरा अंतराने लहान आणि चढाने मोठा. डिसेंबरात सहाला अंधारतं, त्या हिशेबाने बोट दुपारचीच पकडा.


डबलसीट | बुधवार, रात्री ९:३०

चार दिवस ठरले. रजेचा अर्ज दिला. खालून न जाता दापोलीवरून. रेघेवर बोट फिरवताना केळशीच्या अलीकडे एक तुकडा लाल दिसला, तिथे सरळ मोठ्या रस्त्याने वळसा घेतलाय, सहा किलोमीटर वाढले तर वाढले. चिठ्ठीसुद्धा केली, पण भाच्याने तिचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, आता कागदाची गरज नाही. मी काही बोलले नाही. कागद माझ्या हँडलला आहे.

एकच राहिलं. दाभोळच्या बोटीत सायकलचं तिकीट वेगळं लागतं, की माणसातच धरतात?


खालचीपाखाडी | बुधवार, रात्री ९:४१

वेगळं. सुटे ठेवा.